वाफसा न येणारी काळी जमीन

प्रतिनिधी

जमीन काळीभोर असावी, हाताला भुसभुशीत लागावी आणि बांधावर उभे राहिले तर नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट असावी. शेतकऱ्याला याहून अधिक काय हवे असते? अमेरिकेतील आयोवा राज्याच्या उत्तर-मध्य भागात अशी जमीन मैलोन्‌मैल पसरलेली आहे. मक्याच्या उत्पादनात आयोवा अमेरिकेत अग्रस्थानी आहे, आणि त्याचे मोठे श्रेय या काळ्या पट्ट्याला जाते. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पूर्वेकडून आलेल्या वसाहतकारांनी नेमकी हीच जमीन टाळली. ते नदीकाठच्या आणि उताराच्या जमिनीवर स्थिरावले. सपाटीवर जून उजाडला तरी पाणी तुंबलेले असे. उंच गवत, बदके आणि डास यांचेच तेथे राज्य होते. आपल्याकडचा शेतकरी अशा जमिनीला एका शब्दात ‘चिबड’ म्हणेल.

या पट्ट्यातील एका प्रमुख मातीला अमेरिकी मृदाशास्त्रज्ञांनी ‘वेबस्टर’ असे नाव दिले आहे. तिच्या अधिकृत वर्णनात एक वाक्यांश हटकून येतो : हिमनदीच्या ‘टिल’पासून बनलेली, अपुऱ्या निचऱ्याची माती. ही माती इतकी सुपीक का, इतकी पाणथळ का, आणि तिच्यातले पाणी काढून टाकल्याची किंमत आज डी मॉइन शहरातील नळाला का मोजावी लागते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या वाक्यांशात दडलेली आहेत.

प्रथम ‘टिल’ म्हणजे काय ते पाहू. शेवटच्या हिमयुगात कॅनडाकडून सरकत आलेल्या बर्फाच्या प्रचंड थराची एक जीभ आजच्या डी मॉइन शहरापर्यंत येऊन थांबली होती. हा काळ साधारण पंधरा हजार वर्षांपूर्वीचा. भूशास्त्रात या भागाला ‘डी मॉइन लोब’ म्हणतात. नदी गाळ वाहून आणते तेव्हा त्याची निवड करीत जाते. जड गोटे आधी टाकते, मग वाळू, आणि अगदी बारीक चिकणमाती शेवटी. बर्फाला अशी निवड ठाऊक नसते. वाटेत सापडलेला ग्रॅनाइट, चुनखडक, मऊ शेल असे जे जे हाती लागेल ते खरवडायचे, भरडायचे, एकत्र कालवायचे आणि वितळताना जागच्या जागी टाकून द्यायचे, ही त्याची रीत. म्हणून टिलमध्ये वाळू, गाळ, चिकणमाती आणि गोटे यांचा सरमिसळ काला आढळतो. या प्रदेशातील टिलमध्ये चुन्याचे प्रमाणही भरपूर आहे.

बर्फ गेला आणि मागे राहिली एक ओबडधोबड, पण एकंदरीत सपाट भूमी. तिच्यावर हलके उंचवटे आणि बशीसारखे असंख्य खळगे होते. पंधरा हजार वर्षे आपल्याला प्रदीर्घ वाटतात. भूरचनेच्या हिशेबात मात्र ती कालपरवाची गोष्ट. पाण्याने स्वतःची वाट कोरून काढावी, ओढ्यांना उपओढे फुटावेत, त्यांचे जाळे शेताशेतापर्यंत पोहोचावे, इतका अवधी या प्रदेशाला मिळालेलाच नाही. याच राज्याच्या दक्षिण भागात शेवटचा बर्फ सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी येऊन गेला. तेथे आज दऱ्या, डोंगरउतार आणि ओढे यांची रेलचेल आहे. उत्तरेत पडलेला पाऊस मात्र खळग्यात उतरतो आणि तेथेच बसून राहतो. वर्षाला सरासरी साडेआठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस, त्याचा मोठा वाटा वसंत ऋतू आणि उन्हाळ्याच्या प्रारंभी, आणि पाण्याला बाहेर जायला दार नाही, अशी ही स्थिती होती.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. ‘अपुरा निचरा’ म्हणजे मातीतून पाणी पाझरतच नाही असे नव्हे. वेबस्टर माती चिकण पोयट्याची आहे. तिची पारगम्यता मध्यम प्रतीची, बरीच सुसह्य आहे. अडचण आहे ती पाण्याच्या पातळीची. पावसाळी वसंतात भूजल वर चढते आणि जमिनीच्या पृष्ठभागापासून जेमतेम वीतभर ते फूटभर अंतरावर येऊन ठेपते. माती पाणी सोडायला तयार असते, परंतु ते पाणी जाणार कोठे? हा भेद पुस्तकी वाटेल. पण पुढे सगळा इतिहास याच भेदावर घडला. माती खरोखरीच घट्ट असती तर तिच्यात नळ घालून काही उपयोग झाला नसता.

मृदाशास्त्रज्ञ हे निदान पाऊस असताना तेथे जाऊन करत नाहीत. ऐन दुष्काळात, कोरड्या ठणठणीत खड्ड्यात उतरूनही ते सांगू शकतात की येथे पाणी किती उंचीपर्यंत उभे राहते. मातीचा रंग ही त्यांची मुख्य साक्ष. वरचा दीड-दोन फुटांचा थर काळा असतो. त्याखाली रंग एकदम बदलतो आणि राखाडी, किंचित हिरवट छटेची माती लागते. तिच्यात मधूनमधून तांबूस-पिवळे ठिपके विखुरलेले दिसतात. आणखी खाली चुन्याचे पांढरे कण असलेले मूळ टिल येते.

हा राखाडी रंग येतो कसा? मातीला तांबडा-पिवळा रंग देणारे लोह हवेच्या सान्निध्यात गंजाच्या रूपात असते आणि पाण्यात विरघळत नाही. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की आत प्राणवायू शिरत नाही. जिवाणूंना मात्र श्वसन करायचेच असते. उरलेला प्राणवायू काही दिवसांत संपतो; त्यानंतर ते नायट्रेटकडे वळतात, मग मँगनीजकडे आणि मग लोहाकडे. या क्रमात लोहाचे रूप पालटते, ते विरघळते आणि पाण्याबरोबर सरकते. गंज धुऊन निघाला की उरतो खनिजांचा मूळ करडा रंग. जेथे एखाद्या मुळाच्या पोकळीतून थोडी हवा पोहोचते तेथे लोह पुन्हा गंजते आणि तांबूस ठिपका उमटतो. या क्रमातील नायट्रेटचा टप्पा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

काळ्या थराचे कारणही पाणीच. या भूमीवर हजारो वर्षे उंच गवताळ कुरण होते. दरवर्षी कुजणारी मुळे मातीत भर घालीत आणि ओलाव्यामुळे त्यांचे विघटन मंद चाले. म्हणून वेबस्टरच्या वरच्या थरात सेंद्रिय द्रव्याचे प्रमाण पाच ते सात टक्के असते. म्हणजे कर्बाच्या भाषेत सुमारे तीन ते चार टक्के. महाराष्ट्रातील काळी जमीनही काळीच. पण तिच्यातील सेंद्रिय कर्ब बहुधा एका टक्क्याच्या आत असतो. आपली काळी बेसाल्टची लेक, तिचा काळेपणा मुख्यतः तिच्यातील चिकणमाती आणि खनिजांच्या मेळातून आलेला. रंग सारखा दिसला म्हणून कुळ एक ठरत नाही. अमेरिकी वर्गीकरणात वेबस्टरला ‘एंडोअॅक्वॉल’ म्हणतात. नाव क्लिष्ट खरे, पण फोडले तर अर्थ सरळ आहे : ‘एंडो’ म्हणजे आतून, ‘अॅक्व’ म्हणजे पाणी, आणि शेवटचे ‘ऑल’ हे ‘मोलिसॉल’ या कुरणांच्या मऊ, काळ्या मृदावर्गाची खूण.

अशा प्रदेशात एकाच शेतात चार जातींच्या माती नांदतात, आणि त्यांच्यात उंचीचा फरक असतो अवघा दोन-तीन मीटरचा. उंचवट्यावर क्लॅरियन, तिचा निचरा बरा. जरा खाली निकोलेट. सखल सपाटीवर वेबस्टर. आणि खळग्याच्या तळाशी ओकोबोजी, जिच्यावर पाणी अक्षरशः तळ्यासारखे उभे राहते. चौघींचे मूळ द्रव्य एकाच हिमनदीचे; वेगळेपणा केवळ पाण्याने घडवला. खळग्याच्या कडेला तर आणखी एक गंमत असते. तेथून पाणी वर चढून वाफ होऊन जाते आणि जाताना चुना मागे ठेवते. त्यामुळे खळग्याभोवती चुनखडीयुक्त मातीचे कडे तयार होते आणि त्या कड्यावरचे सोयाबीन लोहाअभावी पिवळे पडते. चुनखडीच्या रानात उसावर पडणारा केवडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

आता इतिहासाकडे. १८५० मध्ये अमेरिकी काँग्रेसने दलदलीच्या जमिनी राज्यांच्या हवाली करणारा कायदा केला. हेतू हा की त्या विकून निचऱ्याची कामे व्हावीत. तत्पूर्वी, १८३५ च्या सुमारास, स्कॉटलंडहून आलेल्या जॉन जॉन्स्टन या शेतकऱ्याने न्यूयॉर्क राज्यातील आपल्या शेतात भाजक्या मातीचे नळ पुरून पाणी काढण्याचा प्रयोग केला होता. शेजारी हसले, पिके पाहिल्यावर मात्र त्यांनीही नळ आणले. आयोवात ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी झपाट्याने पसरली. मेसन सिटी हे गाव तर विटा आणि खापरी नळांच्या भट्ट्यांसाठीच प्रसिद्ध झाले. फूटभर लांबीचे नळ तीन-चार फूट खोल चरात एकापुढे एक मांडायचे, त्यांच्या सांध्यांतून पाणी आत शिरते आणि उताराने निघून जाते. एकट्याच्या शेतातले पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडून भागत नसे. म्हणून कायद्याने ‘ड्रेनेज डिस्ट्रिक्ट’ स्थापन झाले, जमीनमालकांवर कर बसला आणि सामाईक मोठे नळ व चर खोदले गेले. १९७० च्या दशकापासून खापरी नळांची जागा सच्छिद्र प्लॅस्टिकच्या नळांनी घेतली.

परिणाम विलक्षण झाला. जी जमीन जूनपर्यंत वाफशावर येत नसे तिच्यात एप्रिल-मेमध्ये पेरणी होऊ लागली. त्याच वेळी, १७८० च्या दशकात आयोवाच्या भूमीत जेवढे पाणथळ क्षेत्र होते त्यापैकी सुमारे नव्वद टक्के दोनशे वर्षांत नाहीसे झाले.

आणि येथे नायट्रेटचा तो टप्पा परत येतो. पाण्याने भरलेल्या मातीत जिवाणू नायट्रेटचे वायुरूप नत्र करून हवेत सोडत. नळांनी पाणी काढले, हवा आत गेली. हजारो वर्षांचे साठलेले सेंद्रिय द्रव्य वेगाने कुजू लागले आणि त्यातील नत्राचे नायट्रेट होऊ लागले. वर खतांचे नत्र पडले ते निराळे. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर जाते. आणि नळ ते पाणी, जिवाणूंना अवसर न देता, थेट ओढ्यात पोहोचवितात. एप्रिल ते जून या काळात मका लहान असतो, पाऊस मोठा असतो. गळती तेव्हाच सर्वाधिक होते. कोरड्या वर्षानंतर ओले वर्ष आले तर स्थिती आणखी बिघडते. २०१२ च्या दुष्काळानंतर २०१३ च्या वसंतात रॅकून नदीतील नायट्रेट-नत्र लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या पलीकडे गेले होते. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेतील मर्यादा आहे १० मिलिग्रॅम. (भारतीय मानकातील ४५ मिलिग्रॅम नायट्रेट हीही जवळपास तीच मर्यादा, मोजण्याची रीत तेवढी वेगळी.) याहून अधिक नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते.

रॅकून आणि डी मॉइन या नद्यांचे पाणी पिणाऱ्या डी मॉइन शहराने १९९० च्या दशकाच्या आरंभीच नायट्रेट काढण्याचा स्वतंत्र प्रकल्प उभारला. मार्च २०१५ मध्ये शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने सॅक, ब्युएना व्हिस्टा आणि कॅल्हून या तीन काउंटींतील ड्रेनेज डिस्ट्रिक्टवर संघीय न्यायालयात दावा दाखल केला. शेतातून झिरपणारे पाणी कायद्याने प्रदूषणाच्या परवान्यातून मुक्त असेल, पण नळातून येणारे पाणी म्हणजे नळाचेच पाणी, असा तिचा युक्तिवाद होता. राज्यभर शहर विरुद्ध शेतकरी असे वातावरण तापले. २०१७ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. नत्र कोठून येते यापेक्षा अशा डिस्ट्रिक्टवर असा खटला चालू शकतो काय, या मुद्द्यावर तो निकाल लागला, हे लक्षात घ्यावयास हवे. प्रश्न जागच्या जागीच राहिला. जून २०२५ मध्ये नद्यांतील नायट्रेट पुन्हा इतके वाढले की डी मॉइन परिसरात घरांपुढील हिरवळीला पाणी घालण्यास बंदी करावी लागली. हेच पाणी पुढे मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातात जाते. तेथील प्राणवायूविरहित पट्टा २०१७ मध्ये सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर मोजला गेला.

उपाय शोधले गेले, आणि ते बहुतेक सर्व जुन्या पाणथळीचेच लहान नमुने आहेत. नळाच्या मुखाशी लाकडाच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा करायचा. पाणी त्यातून हळूहळू जाते आणि जिवाणू नायट्रेटचा वायू करतात. ओढ्याकाठच्या गवताच्या पट्ट्यात नळाचे पाणी पसरवायचे. योग्य जागी पाणथळ पुन्हा उभारायची. मुख्य पिकानंतर राय पेरून जमीन झाकलेली ठेवायची. २०१३ मध्ये आयोवाने नत्र आणि स्फुरद यांची गळती ४५ टक्क्यांनी घटविण्याचे धोरण स्वीकारले; परंतु ते ऐच्छिक आहे, आणि गती मंद आहे. खर्च शेतकऱ्याचा, लाभ खालच्या शहराचा, अशा व्यवहारात गती येणार तरी कशी, असा प्रश्न पडतो.

सांगली-कोल्हापूरच्या ऊस पट्ट्यातही सच्छिद्र नळ पुरून चिबड जमिनी सुधारण्याची कामे झाली आहेत. तेथे पाणी पाटाचे आणि उपशाचे, व सोबत क्षारांचा प्रश्न. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत. नळातून निघालेले पाणी कोठे जाते, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच विचारावा लागतो.

आयोवात आता शंभरी ओलांडलेले सामाईक खापरी नळ ठिकठिकाणी खचू लागले आहेत. ते बदलायचे तर नवे नळ अधिक रुंद घालावेत, अशी शेतकऱ्यांची मागणी असते. कारण जुने नळ आजच्या मुसळधार पावसाला पुरे पडत नाहीत आणि ओकोबोजीच्या खळग्यांत मका अजूनही बुडून मरतो. दुसरीकडे १९८५ च्या शेती कायद्यानुसार नव्याने पाणथळ जमीन कोरडी करणाऱ्याला सरकारी अनुदान मिळत नाही. म्हणून नवा नळ टाकण्यापूर्वी सरकारी मृदातज्ज्ञ शेतात येतो, गिरमिटाने दोन फूट माती काढतो आणि रंगांच्या पुस्तिकेशी ताडून पाहतो. पाणी जाऊन शंभर वर्षे झाली असली तरी काळ्या थराखालचा करडा रंग तसाच असतो. आणि त्या खळग्यात नळ घालता येईल की नाही, याचा निर्णय त्यावरून सुरू होतो.