दिवाळे एकाचे की दोघांचे?

पती-पत्नी ही संसाररथाची दोन चाके, ही उपमा आपल्याकडे लग्नमांडवात इतक्या वेळा ऐकावयास मिळते की तिचा अर्थ कोणी तपासून पाहत नाही. रथाचे एक चाक चिखलात रुतले तर शहाणा सारथी दुसरे चाक कोरड्या जमिनीवर राखतो, कारण त्याच्याच आधाराने रथ बाहेर काढावयाचा असतो. कर्जाच्या बाबतीत मात्र आपली मध्यमवर्गीय कुटुंबे नेमके उलट वागतात. पतीचा धंदा बुडाला की आधी पत्नीचे दागिने मोडले जातात, मग तिच्या नावाने कर्ज निघते, पुढे तिच्या पगारातून पतपेढीची कपात सुरू होते. अखेर नादारीचा अर्ज करण्याची वेळ येते तेव्हा दोघेही सारखेच नागवलेले असतात. म्हणून हा अर्ज एकाने करावा की दोघांनी, हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. तो घराच्या अर्थकारणाचा आहे, आणि तो पहिला दागिना मोडण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

व्यक्तीच्या नादारीचे आपले कायदे जुने आहेत. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा. मुंबईकराने उच्च न्यायालयात जावयाचे, साताऱ्याच्या वा नाशिकच्या माणसाने जिल्हा न्यायालयात. २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तीत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून तो अमलात आला तो कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच. शिक्षक, कारकून, किरकोळ दुकानदार यांना अद्याप जुन्याच दाराने आत शिरावे लागते.

या कायद्यांचे मूळ गृहीत असे, की विवाहाने दोघांची कर्जे एक होत नाहीत. ‘संसाराचे कर्ज’ असा प्रकार कायद्याला ठाऊक नाही. कर्ज ज्याने सही केली त्याचे. मालमत्तेचेही तसेच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण स्वामिनी ठरविले. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर पत्नीचाच संपूर्ण हक्क असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा पतीने एकट्याने काढलेल्या कर्जासाठी पत्नीने नादार होण्याचे काहीच कारण नाही, आणि पत्नीच्या व्यवसायाच्या कर्जासाठी पतीनेही नाही. दारात येणारा वसुली अधिकारी नैतिक जबाबदारीची भाषा बोलेल. ती भाषा म्हणजे कर्जरोखा नव्हे.

परंतु सही झाली असेल तर चित्र पालटते. सहकर्जदार तर थेट कर्जदारच असतो. जामीनदाराचे दायित्व, कराराच्या १८७२ च्या कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, मूळ कर्जदाराइतकेच असते. शिवाय १९२० च्या कायद्याचे ४४ वे कलम सांगते, की नादाराला मिळालेली ऋणमुक्ती त्याच्या सहकर्जदाराला वा जामीनदाराला लाभत नाही. म्हणजे पती कर्जातून सुटला तरी सावकाराचा मोर्चा पत्नीकडे वळतो. ‘एकाने नादार व्हावे, दुसरा आपोआप वाचेल’ ही समजूत येथे फसते.

यास्तव निर्णयाचा मार्ग भावनेचा नसून हिशेबाचा आहे. एका कागदावर तीन रकाने पाडावेत : फक्त त्याची सही, फक्त तिची सही, दोघांची सही. समजा, एकूण कर्ज १५ लाखांचे आहे. त्यातील ११ लाख पतीच्या एकट्याच्या सहीचे, ४ लाख दोघांच्या. पत्नी शिक्षिका असून तिचा पगार ४० हजार आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानुसार सामान्य हुकूमनाम्यापोटी पगाराचे पहिले १ हजार रुपये व उर्वरित रकमेचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर असतात. म्हणजे फार तर १३ हजार रुपये जप्त होऊ शकतात. तेवढीच रक्कम तिने दरमहा भरली, तर ४ लाखांचे कर्ज दरसाल दर शेकडा १२ व्याजाने सुमारे ३ वर्षांत फिटते. येथे पतीने एकट्याने अर्ज करणे श्रेयस्कर. पत्नीची नोकरी आणि बाजारातील पत हे त्या घराचे उरलेले भांडवल होय, ते फुकट घालविण्यात शहाणपण नाही.

आता हेच आकडे उलटे करावेत. दोघांच्या सहीचे ११ लाख असतील, तर १३ हजारांतील ११ हजार नुसत्या व्याजातच जातात आणि कर्ज फिटावयास १५ वर्षांहून अधिक काळ लागतो. अशा वेळी पत्नीला बाहेर ठेवणे म्हणजे तिला एकटीला वेठीस धरणे. तेथे दोघांनी अर्ज करावेत हेच न्याय्य. संयुक्त कर्जदारांचे असे वेगवेगळे अर्ज एकत्र चालविण्याची मुभा न्यायालयाला आहे.

नादारीने काय साधत नाही, हेही ध्यानी घ्यावे. घर बँकेकडे गहाण असेल तर ते वाचत नाही. सरकारी देणी, लबाडीने काढलेले कर्ज आणि न्यायालयाने ठरविलेली पोटगी यांतून ऋणमुक्ती मिळत नाही. ऋणमुक्त न झालेल्या नादाराला राज्यघटनेच्या १०२ व्या कलमान्वये संसदेचे सदस्य होता येत नाही. हे आपल्यापैकी बहुतेकांना जाचणार नाही. परंतु केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील १७ वा नियम सवयीची कर्जबाजारी वृत्ती व नादारी टाळावी असे बजावतो. नोकरदार जोडीदाराने अर्जाचा कागद हाती घेण्यापूर्वी आपले सेवानियम अवश्य वाचावेत.

या टप्प्यावर एक मोह हमखास होतो : घर, जमीन, दागिने घाईघाईने पत्नीच्या नावे करावेत. नादारीपूर्वीच्या २ वर्षांत मोबदल्याशिवाय केलेली अशी हस्तांतरणे १९२० च्या कायद्याच्या ५३ व्या कलमान्वये रद्द होऊ शकतात. आणि जिचे एरवी काहीच देणे नव्हते ती पत्नीही कोर्टाची पायरी चढते. वस्तुतः सरळ मार्गाने जे वाचते ते थोडके नाही. भविष्यनिर्वाह निधी जप्तीपासून सुरक्षित आहे. पत्नी व मुलांच्या लाभासाठी १८७४ च्या कायद्याखाली काढलेली विमा पॉलिसी सामान्यतः धनकोंच्या हाती लागत नाही. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे अलंकारही जप्त होत नाहीत. दुर्दैव असे, की कायदा ज्याला हात लावू शकत नाही तेच आपण अज्ञानाने आपल्या हातांनी मोडून देतो. भविष्यनिर्वाह निधीतून उचल करून बुडालेल्या धंद्यात ओतणारी माणसे काही थोडी नाहीत.

यावर कोणी म्हणेल, की ही ऋणकोची पळवाट झाली. पतपेढीत निवृत्तांच्या ठेवी असतात, त्यांचे काय? आक्षेप रास्त आहे. पण नादारीत उरलेली मालमत्ता सामान्य धनकोंमध्ये त्यांच्या येण्याच्या प्रमाणात वाटली जाते. घर गुपचूप बुडत असते तेव्हा जो अधिक आरडाओरडा करील त्याला आधी मिळते आणि सभ्य ठेवीदार मागे राहतो. वेळेवर व उघडपणे केलेला अर्ज धनकोंनाही अधिक न्याय देतो.

राहता राहिला प्रतिष्ठेचा प्रश्न. जोडीदाराचे कर्ज स्वखुशीने फेडण्यास कोणाचीच आडकाठी नाही. त्यात प्रेम आहे, कदाचित मोठेपणाही. मात्र तो निर्णय ज्याच्या कमाईतून फेड व्हावयाची त्याने, सर्व कागद समोर ठेवून, स्वतः घेतलेला असावा. ‘नुसती औपचारिकता आहे, येथे सही कर’ या एका वाक्यावर आपल्याकडे असंख्य स्त्रिया कर्जदार झाल्या आहेत. नादारी एकाची की दोघांची, याचा निकाल न्यायालयात लागण्यापूर्वी बहुधा त्या सहीनेच लागलेला असतो.