दुसरी दुर्बीण कशासाठी?

मागचं व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी आम्हाला जिन्यात गाठलं आणि विचारलं, ‘सर, साधन आणि साध्य यांवर तुम्ही तासभर बोललात. पण उद्या बाजारात जाऊन एखादी वस्तू घ्यायची, तर त्यात या विचाराचा काही उपयोग होतो का?’ प्रश्न रास्त होता. म्हणून आज एकच वस्तू घेऊ आणि तिच्यावर हा विचार चालवून पाहू. ती वस्तू म्हणजे दुर्बीण. दोन डोळ्यांची, जिला दुकानात बायनॉक्युलर म्हणतात ती. आणि तीही दुसरी, परवडणारी, सहज वापरायची. ज्यांच्याकडे एकही नाही त्यांनीही उठून जायचं कारण नाही. त्यांना कदाचित ही ‘दुसरी’च पुरेल.

आधी आमची चूक सांगतो. निवृत्तीच्या वेळी आम्ही एक उत्तम दुर्बीण घेतली. ८ × ४२. किंमत आमच्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा जास्त. पहिली दोन वर्षं ती भिगवणला रोहित पाहायला आली, गड चढली, सगळं झालं. मग हळूहळू तिची काळजी वाटू लागली. एसटीत कुणी उचलली तर? नातवाच्या हातून पडली तर? दुर्बीण पिशवीत गेली, पिशवी पेटीत आणि पेटी कपाटात. एका सकाळी समोरच्या उंबरावर राखी धनेशाची जोडी उतरली. आम्ही किल्ली शोधली, कपाट उघडलं, पेटी काढली आणि गॅलरीत आलो, तेव्हा फांदी हलत होती, पक्षी नव्हते. ही शांतपणे म्हणाली, ‘अहो, ती दुर्बीण तुम्ही नक्की कुणासाठी ठेवली आहे?’

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला याचं उत्तर देता आलं नाही. (हशा)

पुढची गोष्ट आणखी वाईट. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर पेटी उघडली, तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेत काच कातडी पेटीत, अंधाऱ्या कपाटात कोंडली की हेच होतं. म्हणजे जपण्यासाठी जे केलं, त्यानंच ती बिघडली.

पाणिनीनं ‘करण’ म्हणजे साधन कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे. क्रिया सिद्धीला नेण्यात जे सर्वांत अधिक उपकारक, ते करण. इथे क्रिया कोणती? पाहणं. कपाटातल्या दुर्बिणीनं पाहण्याची क्रिया घडत नाही, तेव्हा ती साधन उरलेलीच नाही. ती ठेव झाली. दुसरी दुर्बीण घ्यायची ती पहिलीपेक्षा चांगली म्हणून नव्हे, तर पाहायच्या क्षणी हाताशी असेल म्हणून.

मग आम्ही दुसरी चूक केली. थंड हवेच्या एका ठिकाणी टपरीवरून स्वस्तातली दुर्बीण उचलली. वर लिहिलं होतं, तीस पट. तीस पट काय दिसलं म्हणाल, तर आमच्या हाताचा कंप. पाच मिनिटांत कपाळ दुखू लागलं आणि तीही कपाटात गेली, पहिलीच्या शेजारी.

या दोन चुकांतून एक नियम निघतो, आणि आजच्या व्याख्यानातली लक्षात ठेवायची गोष्ट तीच. परवडणाऱ्या दुर्बिणीला दोन मर्यादा असतात. वरची मर्यादा भीतीची: हरवली तर दोन दिवस हळहळ वाटावी, पण हरवेल म्हणून घरी ठेवावीशी वाटू नये. खालची मर्यादा शिणाची: इतकी स्वस्त नको की डोळे थकून आपण ती वापरायचंच सोडू. भीती आणि शीण यांच्यामधल्या पट्ट्यात आपली दुसरी दुर्बीण असते. हा पट्टा प्रत्येकाचा वेगळा. आम्ही स्वतःपुरती पहिलीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यावर रेघ मारली.

आता शीण कशानं येतो ते पाहू, कारण पैसे तिथे घालायचे आहेत.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८ × ४२ यात ८ म्हणजे वस्तू किती पट जवळ भासते ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार पहिला आकडा मोठा करून सांगतो आणि आपण भुलतो. पण आठ पट चित्र मोठं होतं तेव्हा हाताचा कंपही आठ पट होतो. दृश्याचा पट्टाही साधारणपणे अरुंद होत जातो, म्हणून पक्षी सापडतच नाही. हातात धरून पाहायचं असेल तर ७ किंवा ८ पुरे. दहाच्या वर जाऊ नये. आमच्या वयाच्या मंडळींनी तर आठच्या वरही जाऊ नये.

दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली की डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाची एक गोल टिकली दिसते. तिचा व्यास हा, सव्वापाच मिलिमीटर. ही टिकली आपल्या बाहुलीतून आत जायची असते. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर एवढीच उघडते. अंधारात तरुण माणसाची सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पण वय वाढलं की बहुतेकांची पाचच्या पुढे जात नाही. आता ८ × २५ ही खिशातली दुर्बीण घ्या. टिकली तीन मिलिमीटरची. दिवसाढवळ्या बाहुलीच तेवढी उघडी असते, म्हणजे या लहान दुर्बिणीत उजेड कमी पडल्याचं जाणवणार नाही. उणीव कळेल ती झुंजूमुंजू किंवा तिन्हीसांजेला. दुसरी दुर्बीण दिवसाच वापरणार असाल तर मोठ्या भिंगाचे पैसे आणि वजन दोन्ही वाचतं. मात्र बारीक टिकलीवर डोळा नेमका धरावा लागतो, जरा हलला की काळोख. ज्यांना खिशाचा आग्रह नाही, त्यांना ८ × ३० किंवा ८ × ३२ हा मधला मार्ग सोयीचा.

आता आतली रचना. भिंगातून चित्र उलटं पडतं, ते सुलटं करायला आत लोलक, म्हणजे प्रिझम, बसवलेले असतात. त्यांच्या दोन मुख्य तऱ्हा. एक पोरो. इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसानं १८५४ साली याचं पेटंट घेतलं. जुन्या सिनेमात कप्तानाच्या हातात दिसते ती खांदे रुंद असलेली दुर्बीण ती ही. दुसरी रूफ, सरळ नळ्यांची, सडपातळ, आजकाल सगळीकडे दिसणारी. माणूस सडपातळ रूपाला भुलतो. पण पोरोत प्रकाश काचेच्या आतूनच पूर्ण परावर्तित होतो, त्यासाठी निराळा लेप लागत नाही. सरळ नळीच्या दुर्बिणीत जो लोलक बहुधा वापरतात, त्याच्या एका पृष्ठावर आरशासारखा लेप द्यावा लागतो, शिवाय चित्र रेखीव राहायला आणखी एक खास लेप लागतो. हे नीट करायला खर्च येतो. स्वस्त दुर्बिणीत कारखानदार नेमका तिथेच हात आखडता घेतो. म्हणून कमी पैशांत चांगलं चित्र हवं असेल तर पोरो घ्यावी. ती थोडी बोजड असते आणि बहुधा पाण्यापासून सुरक्षित नसते, एवढं मान्य करून. लहान हवी असेल तर ‘उलटी पोरो’ मिळते. तिची पुढची भिंगं डोळ्यांकडच्या भिंगांपेक्षा एकमेकांजवळ असतात.

लेपांबद्दल एक गंमत, आमच्या विषयातली. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश मागे फिरतो. दुर्बिणीत अशी दहा तरी पृष्ठं धरा. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश गेला. त्यातला काही नळीत भटकत राहतो आणि चित्र दुधाळ करतो. म्हणून काचेवर लेप देतात. आता खोक्यावरचे शब्द वाचा. ‘कोटेड’ म्हणजे काही पृष्ठांवर एक थर. ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काही पृष्ठांवर अनेक थर. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे सर्व पृष्ठांवर अनेक थर. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही ‘सर्व’ आणि ‘काही’ यांतला फरक शिकवत असू, तेव्हा मुलं जांभया देत. तो फरक इथे पैशांत मोजला जातो, बरं का.

दुकानात पाच गोष्टी करा, लाजू नका. पहिली, पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. फिकट हिरवं किंवा जांभळं असेल तर ठीक. लखलखीत पांढरं असेल तर लेप नाही. माणकासारखं लालभडक असेल तर ती शोभा आहे, सोडून द्या. दुसरी, ती प्रकाशाची टिकली पाहा. पूर्ण गोल हवी, कडा करड्या होऊन चौकोनी दिसली तर लोलकाची काच हलकी आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाहेर येऊन लांबची आडवी तार पाहा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू चार-पाच इंच दूर न्या. दोन्ही वर्तुळांत तार एकाच उंचीवर दिसली पाहिजे. वर-खाली दिसली तर दोन नळ्या जुळलेल्या नाहीत. आपला मेंदू ती चित्रं ओढूनताणून जुळवतो आणि त्याचीच डोकेदुखी होते. टपरीवरच्या आमच्या दुर्बिणीला हाच रोग होता. चौथी, चष्मा असेल तर तो न काढता पाहा. डोळ्यांकडच्या रबरी कडा दुमडून पूर्ण वर्तुळ दिसतं का? चष्मेवाल्यांना भिंगापासून साधारण पंधरा मिलिमीटर किंवा जास्त अंतरावरून पूर्ण चित्र दिसणारी दुर्बीण लागते. पाचवी, फोकसचं चाक फिरवा. ते ढिलं, खडखडतं नको.

काय घेऊ नये ते एका दमात सांगतो. झूमवाली नको, त्यात दृश्य अरुंद होतं आणि नळ्या जुळवून ठेवणं अवघड जातं. फोकसचं चाकच नसलेली नको. रात्री दिसेल असा दावा करणारी साधी दुर्बीण नको. आतला कंपास, रंगीत पट्टा, यांचे पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर डावा आणि उजवा डोळा वेगवेगळा जुळवून घ्या. उजवा डोळा झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा. मग डावा झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची कडी फिरवा. पुष्कळ जण हे करत नाहीत आणि दुर्बिणीला दोष देतात. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि वरचेवर बाहेर काढा. वापरात राहणं हाच बुरशीवरचा चांगला उपाय.

शेवटी आम्ही काय केलं? ८ × ३० ची एक साधी पोरो घेतली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ खिळ्याला अडकवली. पेटी नाही, पिशवी नाही. पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यापलीकडच्या जुन्या झाडाच्या ढोलीपाशी धनेशाचा नर वारंवार येताना हिला दिसला. दुर्बीण डोळ्यांना लावली, तर ढोलीचं तोंड लिंपलेलं, मध्ये एक फट, आत मादी. नर गळ्यातून एकेक फळ वर काढत होता आणि त्या फटीतून तिला भरवत होता. चार-पाच आठवडे आम्ही दोघं चहा घेता घेता हे पाहत होतो. कडेला चित्र जरा मऊ दिसतं या दुर्बिणीत, हे खरं. पहिलीत ते रेखीव दिसलं असतं. पण पहिलीत ते दिसलंच नसतं.

वेळ आहे, एक प्रश्न घेऊ.

प्रश्न: या लहान दुर्बिणीतून आकाश पाहता येईल का?

येईल, थोडंफार. कृत्तिकेत नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, ते कितीतरी वाढलेले दिसतील. कोपर भिंतीला टेकून हात स्थिर केला तर गुरूजवळचे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत पाहिले तेच. अंधुक गोष्टींसाठी मात्र मोठं भिंग लागतं, तिथे पहिली काढा. आणि सूर्याकडे कोणत्याही दुर्बिणीतून, क्षणभरही, पाहायचं नाही. नातवंडांच्या हातात देताना हे आधी सांगा, पण द्या. दुसरी दुर्बीण त्यासाठीही असते.