मोदकासारखी गुबगुबीत अक्षरं

संक्रांतीच्या प्रदर्शनात आमच्या गटाच्या स्टॉलवर एका ताईंनी जवसाच्या चटणीचं पाकीट उचललं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि विचारलं, "यात फल्लीदाणे आहेत का? लेकीला चालत नाहीत." दाणे होते. पाकिटावर छापलेही होते, पण वाचता येत नव्हते.

चूक आमचीच. स्टिकर करताना आम्हाला 'मोदक' नावाचा फॉन्ट इतका आवडला की नावापासून वजनापर्यंत सगळं त्यातच छापून घेतलं.

फॉन्ट म्हणजे कॉम्प्युटरमधलं अक्षरांचं वळण. 'मोदक' मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलाय; त्यातली देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. नाव अगदी शोभतं. प्रत्येक अक्षर उकडीच्या गोळ्यासारखं फुगलेलं, आणि अक्षराच्या पोटात जी मोकळी जागा असते तिथे फक्त बारीक पांढरी रेघ. हाताने काढल्यासारखं, गमतीदार. लहान मुलं तर बघूनच हसतात.

पण ती बारीक रेघच अक्षराची ओळख आहे. अक्षर मोठं असलं की रेघ दिसते. लहान छापलं की शाई पसरून ती बुजते. आपल्या लिपीत वर मात्रा, अनुस्वार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. आमच्या स्टिकरवर 'शेंगदाणे'मधली मात्रा आणि टिंब एकमेकांत मिसळून काळा डागच झाला होता.

म्हणून असा फॉन्ट नावापुरता. स्टॉलचा बॅनर, हळदीकुंकवाचं आमंत्रण, बालवाडीचा फलक, पाकिटावर 'जवसाची चटणी' एवढे दोन शब्द. तिथे तो फार खुलतो. घटक, वजन, तारीख, परवाना क्रमांक यांसाठी साधा, सरळ फॉन्ट घ्या. त्याच संस्थेचा 'मुक्ता' चांगला आहे. फल्लीदाण्यांसारख्या ॲलर्जीच्या वस्तू पाकिटावर लिहिणं तर कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि लिहिणं म्हणजे वाचता येईल असं लिहिणं.

पैशांचंही सांगतो. हे दोन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, विक्रीच्या मालावर वापरायलाही परवानगी आहे. डीटीपीवाल्या दादांना मेहनतीचे पैसे जरूर द्या. फॉन्टचे वेगळे मागितले तर देऊ नका.

आता आम्ही आधी एकच स्टिकर छापून घेतो, खऱ्या मापात. ते गटातल्या सगळ्यात वयस्कर काकूंच्या हाती देतो, संध्याकाळी, घरातल्या बल्बखाली. काकू अडखळल्या की स्टिकर परत दुकानात. मागच्या वेळी त्या तारखेवर अडल्या, तेव्हा आकडे मोठे करून घेतले.