सहाव्या वर्षी येणारी दाढ

‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत.’

पहिली-दुसरीतल्या मुलाची दाढ किडलेली दिसली की डहाणू-तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवर काय, शहरातही, बहुतेक पालक हेच म्हणतात. यातले अर्धे खरे आहे. दुधाचे वीसही दात पडतात. पण पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागले, तरी दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. पहिलीत किडलेल्या दाढेनेच मुलाला पाचवी-सहावीपर्यंत भाकरी चावायची असते. ती दाढ ठणकत असेल तर मूल एकाच बाजूने चावते, मग कमी खाते, मग भाकरी सोडून चहात बुडवलेले बिस्किट मागते. जिथे मुलांच्या वजनाची काळजी अंगणवाडीपासून मंत्रालयापर्यंत केली जाते, तिथे त्यांच्या तोंडात डोकावून पाहायला मात्र आपण विसरतो.

याहून मोठा घोटाळा पुढे होतो. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, मुलाला चार नव्या दाढा येतात, खाली दोन आणि वर दोन. त्या कोणत्याही दाताच्या जागी येत नाहीत. त्यामुळे आधी काही हलत नाही, पडत नाही, आणि घरात कोणाला पत्ताच लागत नाही. या दाढा कायमच्या असतात. त्यांच्या माथ्यावर खोल चिरा असतात, वरचे कवच अजून पुरते पक्के झालेले नसते, आणि दाढ हिरडीतून वर येऊन इतर दातांच्या पातळीला पोचेपर्यंत कित्येक महिने जातात. तेवढ्या काळात ब्रश तिच्या वरून निघून जातो आणि अन्न चिरांत बसते. म्हणून ही दाढ पहिल्या दोन-तीन वर्षांतच सर्वांत जास्त किडते. आई तिला दुधाची समजते, आणि नववी-दहावीत ती काढून टाकावी लागते. तिच्या जागी दुसरी येत नाही. या दोन तालुक्यांतल्या पालकांना दातांविषयी एकच गोष्ट सांगायला मिळाली तर मी हीच सांगेन: मूल पहिलीत गेले की त्याला उजेडात बसवा, तोंड उघडायला लावा आणि सर्वांत मागच्या दाढेपर्यंत दात मोजा. दर बाजूला पुढून सहावा दात दिसला तर ती कायमची दाढ.

‘आमच्या पोरांचे दात जात्याच मजबूत असतात.’

आजी-आजोबांच्या पिढीकडे पाहिले तर असे वाटणे साहजिक आहे. वारली, कोकणा, धोडिया, कातकरी घरांत नागलीची भाकरी, भात, रानभाज्या, कंद आणि सुकी मासळी हे जेवण होते आणि साखर क्वचितच मिळे. दात टिकले ते या जेवणामुळे; रक्तातल्या एखाद्या देणगीने नव्हे. आता सकाळी साखरेचा कोरा चहा आणि बिस्किट, मधल्या सुट्टीत दुकानातली पाच रुपयांची पुडी, उन्हाळ्यात रंगीत पाण्याची गारेगार पेप्सी. साखर पाड्यापर्यंत पोचली, ब्रश आणि पेस्ट मात्र मागेच राहिली. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते. त्यात खेड्यांतली मुलेही होती.

किती साखर खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, हे जास्त महत्त्वाचे. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. ते आम्ल अर्धा-पाऊण तास दाताचे कवच विरघळवत राहते, मग लाळ हळूहळू भरपाई करते. तासातासाला काहीतरी चघळणाऱ्या मुलाच्या लाळेला ती भरपाई करायला वेळच मिळत नाही. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या प्रयोगातून हे १९५४ मध्ये जगापुढे आले. जेवणासोबत खाल्लेल्या गोडाने फारसे बिघडत नाही. दोन जेवणांच्या मध्ये दातांना चिकटून राहणाऱ्या गोळ्यांनी दात झपाट्याने किडतात. हा प्रयोग मतिमंदांच्या संस्थेतल्या, नकार देऊ न शकणाऱ्या माणसांवर केला गेला होता, हेही सांगायला हवे. इतकी किंमत देऊन मिळालेले ज्ञान निदान वापरले तरी जावे.

यावर कोणी विचारेल, मग डहाणू-घोलवडचा चिकू? तो गोड आहे, खरे. पण अख्ख्या फळातली साखर गरात, पाण्यासकट असते. जेवणानंतर चिकू खाऊन चूळ भरली तर भ्यायचे कारण नाही. चिकूच्या वाडीत कामाला जाणाऱ्या आईने मुलाच्या हाती बिस्किटाच्या पुड्याऐवजी चिकू दिला, तर दातांचा फायदाच आहे.

‘दाढेत अळी असते, धुरी दिली की पडते.’

रिंगणीच्या बिया तापलेल्या तव्यावर टाकून नळीने दाढेला धूर द्यायचा आणि पाण्यात पडलेल्या बारीक पांढऱ्या अळ्या दाखवायच्या, हा उपाय जुना आहे. युरोपातही खुरासानी ओव्याच्या बिया जाळून हेच करत. पाण्यात दिसतात ते उष्णतेने फुटलेल्या बियांतले कोंब. दातात अळी नसते, हे पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालीच लिहून ठेवले होते. धुराने काही वेळ ठणका दबतो, म्हणून विश्वास बसतो. खड्डा मात्र वाढत जातो.

त्याचाच जुळा भाऊ म्हणजे ‘दुखायचे थांबले, बरे झाले’ हा समज. कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत पोचली की असह्य ठणका लागतो. शीर मेली की ठणका थांबतो, पण तिथून पू हाडात उतरतो. हिरडीवर फोड आला, गाल सुजला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये.

दातवणाविषयी मी वेगळे बोलेन, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कडुनिंब, करंज किंवा बाभळीची काडी नीट चावून कुंचा केला तर पुढचे दात छान स्वच्छ होतात. पण सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला ती काडी मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला फिरवता येत नाही, आणि तिच्यात फ्लोराइड नसते. कवच पुन्हा घट्ट करण्याचे काम फ्लोराइड करते. मोठ्यांनी दातवण जरूर चालू ठेवावे. मुलाला मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट द्यावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. पेस्ट थुंकावी, वर खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. राखुंडी, कोळसा आणि खरखरीत लाल मंजन कवच घासून काढतात.

मशेरीचे काय? ती मंजन नाही, भाजलेला तंबाखू आहे. हिरडीवाटे निकोटीन रक्तात जाते आणि हिरडी बधिर होते, म्हणून दुखरी दाढ थांबल्यासारखी वाटते. आजीच्या डबीतली चिमूट नातवाच्या दाढेला लावणे म्हणजे त्याला सातव्या वर्षी तंबाखू चाखवणे. टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला तो कायदा अडवू शकत नाही. तिथे आजीलाच सांगावे लागते, आणि तिचा मान राखून.

‘सकाळी घासले की झाले.’ नाही. झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रात्रभर मोकळे रान मिळते, त्यामुळे रात्रीचे घासणे सकाळच्याहून मोलाचे. शिवाय सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या बोटांना ते काम जमत नाही. जवळ मोठे कोणी लागतेच.

‘वरची दाढ काढली तर नजर जाते.’ दाताची संवेदना आणि डोळ्याची दृष्टी या वेगळ्या मज्जातंतूंची कामे आहेत. भीती खरी असते, कारण नसते. आणि प्रत्येक किडकी दाढ काढावीच लागते असेही नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा एक थेंब लावून कीड तिथेच थांबवता येते. त्याला ना ड्रिल लागते ना सुई. किडलेला भाग काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा. दातांचे आजार त्यांच्या यादीत आहेत. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, डहाणू आणि कासा इथली उपजिल्हा रुग्णालये यांपैकी कुठे कोणत्या वारी दंतवैद्य असतात, हे आशाताईंना विचारून मगच मजुरी बुडवावी.

शेवटचा समज शिक्षकांचा: ‘दात घासणे हे घरचे काम, शाळेचे नाही.’ हे निदान डहाणू तालुक्यात तरी कोणी म्हणू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अंगणवाडी ही कल्पना याच मातीत रुजली, आणि तिथे मुलांची अंघोळ, नखे, केस हा अभ्यासाचाच भाग होता. वीटभट्टीवर किंवा वापीच्या कारखान्यात पहाटे निघून जाणाऱ्या आईबापांकडून रोज सकाळी ब्रश धरण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. दुपारच्या खिचडीनंतर शाळेत दहा मिनिटे लागतील. प्रत्येक ब्रशवर नाव, ब्रश उभे आणि एकमेकांना न टेकता ठेवलेले, वाटाण्याएवढी पेस्ट बाईंनी स्वतः लावलेली, आणि थुंकायला झाडाचे आळे. एका तांब्यात चार मुले उरकतात, म्हणजे उन्हाळ्यातल्या टंचाईतही हे अडत नाही. आश्रमशाळेत तर रात्रीची वेळही शाळेच्याच हाती आहे: जेवणानंतर, अंथरूण घालण्याआधी, अधीक्षकांच्या समोर.