साखरेच्या दाण्यापासून स्फटिकशास्त्राकडे

कडेगाव तालुक्यात वांगीला सोनहिरा साखर कारखाना आहे. तिथे रस आटवून जे दाणे तयार होतात, ते स्फटिकच. दाण्याच्या कडा इतक्या नेमक्या कशा? आत साखरेचे रेणू तिन्ही दिशांना ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा तसेच रचलेले असतात. या पुनरावृत्तीच्या सर्वांत लहान घटकाला युनिट सेल म्हणतात. अणूंमधले अंतर क्ष-किरणांच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्याने स्फटिकातून परतलेले किरण काही कोनांतच एकमेकांना बळ देतात. त्या कोनांवरून आतली रचना उलगडते. हा नियम लॉरेन्स ब्रॅगने मांडला आणि 1915 मध्ये, 25 व्या वर्षी, वडिलांसोबत नोबेल मिळवले. तरुण वाचकांनी हे वय जरूर लक्षात ठेवावे.

आपल्या पायाखालचा बेसॉल्टही याच विषयाचा धडा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून तो बनला आणि त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट खनिजांचे स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे.

स्फटिकशास्त्र शिकायला आता पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आयआयटी दिल्लीचे प्रा. राजेश प्रसाद यांची मटेरियल्स सायन्सची व्याख्याने आहेत, त्यांत स्फटिकरचना अगदी मुळापासून येते. व्याख्याने मोफत आहेत, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. भाषा इंग्रजी, पण आकृत्या बोलक्या. व्हिडिओ थांबवून प्रत्येक आकृती वहीत स्वतः काढा; नुसते पाहून हा विषय येत नाही.