पालवणकर बाळू : इंग्लंड गाजवून आलेला आपला गोलंदाज

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही मुलाला विचारा, सचिनची शतके किती? उत्तर तोंडावर तयार असते. कोहलीचे विचारा, तेही सांगेल. पण १९११ मध्ये इंग्लंडच्या मैदानावर नाव कमावणारा भारतातला मोठा गोलंदाज कोण, असे विचारले तर मुलगा आपल्याकडे पाहत राहतो. मुलालाच कशाला दोष द्यायचा? त्याच्या वडिलांनाही ते ठाऊक नसते. तळवली, घणसोली, रबाळे या पट्ट्यात दर रविवारी रिकाम्या प्लॉटवर टेनिसच्या चेंडूने क्रिकेट रंगते. त्या खेळणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी पालवणकर बाळू हे नाव माहीत करून घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

चार रुपये पगार

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. वडील लष्करी खात्यात नोकरीला असल्याने बालपण पुण्यात गेले. गोऱ्या सोल्जरांनी टाकून दिलेली बॅट आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे भाऊही त्याच वाटेने आले.

शाळा लवकर सुटली. बाळूंनी आधी पारशी लोकांच्या क्लबात आणि मग गोऱ्यांच्या पूना क्लबात काम धरले. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि सरावाला आलेल्या साहेबांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन-चार रुपये. कॅप्टन ग्रेग नावाचा तिथला नामवंत फलंदाज बाळूंकडून तासन् तास सराव करून घेई. बाद केल्यावर तो आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. बाळूंचा डावखुरा फिरकी चेंडू त्या जाळीतच तयार झाला. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. नोकराने चेंडू टाकावा, फटके साहेबाने मारावेत, हा तिथला नियम. साहेबांची चातुर्वर्ण्याशी सोयरीक नव्हती, पण तऱ्हा तीच होती!

मैदानात चेंडू, मैदानाबाहेर मातीचे भांडे

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज दुसरा नव्हता. मोठा वाद झाला. अखेर गरजेपोटी बाळूंना संघात घेतले. मैदानात सर्वजण त्याच चेंडूला हात लावत होते. चहाची सुटी झाली की बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळे ताट, वेगळी जागा. तोंड धुवायचे झाले तर पाणी आणून देणाराही अस्पृश्यच हवा! बळी मिळवून देताना हाताचा विटाळ होत नव्हता, कपाला हात लागला की होत होता. याला धर्म म्हणायचे की हिशेब, ते वाचकांनीच ठरवावे.

प्लेगच्या काळात, १८९६ नंतर, बाळू मुंबईत आले. रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात जागा मिळाली. तिथेही आधी विरोध झालाच. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले आणि त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. विजयानंतर सोवळे हळूहळू सैल झाले. जिमखान्याच्या आत चहा मिळू लागला. सवलत मिळाली ती माणूस म्हणून नव्हे, बळी घेतले म्हणून मिळाली, हे विसरता येत नाही.

इंग्लंडमधले ११४ बळी

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली सर्व हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम दोघेही त्यात होते. संघ २३ सामने खेळला, जिंकला फक्त सहा. महाराज मोजकेच सामने खेळले, त्यांचे लक्ष राज्याभिषेकाच्या वर्षातल्या मेजवान्यांकडे जास्त होते. बाळूंनी मात्र त्या एका उन्हाळ्यात ११४ बळी घेतले. सरासरी १८.८४. त्यांचे वय तेव्हा पस्तिशीचे आणि खांदा दुखत होता. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाचे इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी कौतुक करावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांचे एकूण बळी १७९ आणि सरासरी १५.२१.

परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्राशी तरुण विद्यार्थी भीमराव आंबेडकर यांचे नाव जोडले जाते. महाडचा सत्याग्रह तेव्हा सोळा वर्षे दूर होता. समाजाला अभिमानाने दाखवता येईल असा माणूस तेव्हा बाळू होता.

कप्तानी कुणाची?

एवढे करूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. कर्णधार एम. डी. पै यांनी स्वतः एका सत्कारात सांगितले की, हा मान खरे तर बाळूंचा होता. सभेत टाळ्या पडल्या असतील, निर्णय बदलला नाही.

१९२० मध्ये मात्र गाठ पडली. चौरंगी सामन्यांच्या संघातून बाळूंना वगळले. पै आजारी पडल्यावर कर्णधारपदासाठी विठ्ठललाही डावलले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निषेध करून संघ सोडला. लोकमत तापले. जिमखान्याला माघार घ्यावी लागली. बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा बाळूंनी संघ चालवला. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू संघ त्या वर्षी स्पर्धा जिंकला. विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ मध्ये मराठीत लिहिले.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, पहिला काळा खेळाडू १९५० मध्ये उतरला. काळा प्रशिक्षक यायला १९६६ उजाडावे लागले. तो बिल रसेल. १९६१ मध्ये लेक्सिंग्टन गावी हॉटेलच्या उपाहारगृहात त्याच्या काळ्या सहकाऱ्यांना खाणे नाकारले, तेव्हा रसेल आणि इतर काळे खेळाडू सामना न खेळता निघून गेले. लेक्सिंग्टनचे ते टेबल आणि पुण्याचे ते मातीचे भांडे यांत फरक तो कितीसा? दोन्ही ठिकाणी आधी हात स्वीकारला गेला, माणूस नंतर. आणि दोन्ही ठिकाणी, पाठ फिरवून निघून गेल्यावरच समोरच्याला ऐकू आले.

बाबासाहेबांविरुद्धची निवडणूक

आता आपल्याला बोचणारी गोष्ट. १९३२ मध्ये बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात उभे राहिले. १९३५ ची धर्मांतराची घोषणा त्यांना पटली नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध मुंबईत उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. मुंबईच्या मतदारांनी योग्य निकाल दिला.

यामुळेच आपल्यातले काही जण बाळूंचे नाव घेत नाहीत. ‘तो चांभार, तो काँग्रेसचा, आपला नव्हे’ असेही ऐकायला मिळते. मित्रहो, हे बरोबर नाही. बाळूंना आयुष्यभर दार इंच-इंचाने उघडताना दिसले. आणखी थोडे चांगले खेळलो तर पूर्ण उघडेल, असे त्यांना वाटले असेल. पण त्यांच्याच घरातला १९२० चा अनुभव काय सांगतो? बळींनी जे मिळाले नाही ते भावांच्या बहिष्काराने मिळाले. गुणांवर मेहरबानी मिळते, हक्कासाठी उभे राहावे लागते, हे बाबासाहेबांचे म्हणणे बाळूंच्या चरित्रातच लिहिलेले आहे. मतभेद सांगून, पण सन्मानाने, हे चरित्र मुलांना सांगायला हवे. बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले.

पालकांसाठी दोन शब्द

मुलगा किंवा मुलगी चांगली खेळत असेल तर ‘खेळून पोट भरते का’ म्हणून ओरडू नका. बाळूंना रेल्वेची नोकरी खेळाने दिली. आजही राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते, गल्लीतल्या ट्रॉफीची नोंद कुठे होत नाही. शाळेच्या खेळशिक्षकांना भेटा, आंतरशालेय स्पर्धेत नाव द्या. प्रत्येक प्रमाणपत्र एका फाईलमध्ये ठेवा, दोन झेरॉक्स काढा, नावातली काना-मात्रा आणि जन्मतारीख दाखल्याशी जुळते का ते त्याच दिवशी तपासा. पुढे क्रीडा कार्यालयात पडताळणी होते, तेव्हा एका चुकीच्या अक्षरासाठी मुले हेलपाटे घालतात. आणि अभ्यास सोडू देऊ नका. बाळूंची शाळा परिस्थितीने सुटली, आपल्या मुलांची सुटू नये यासाठीच तर एवढी माणसे झिजली.

येत्या रविवारी प्लॉटवर सामना रंगेल तेव्हा एखाद्या डावखुऱ्या पोराला जवळ बोलावून ११४ बळींची ही हकीकत सांगा. आणि नाणेफेक करायला आळीपाळीने प्रत्येकाला पाठवा, मुलींनाही. कप्तानीची सवय लहानपणीच लागलेली बरी.

जयभीम!