तुळईच्या कडीला टांगलेला चेंडू

पावसाळा लागला की इस्लापूर भागातल्या काळ्या मातीचा चिखल होतो आणि पोरांचं क्रिकेट बंद पडतं. सहस्रकुंडाला पैनगंगा गढूळ होऊन कोसळू लागली, की पिकं निघेपर्यंत रान काही मोकळं होत नाही. एरवी चालतं तेही टेनिस बॉलचं, आखूड मैदानावरचं क्रिकेट. तिथे चेंडू ओढून लेगला भिरकावला की सिक्स मिळतो, म्हणून हातांना आडव्या बॅटीची सवय जडते. हीच पोरं किनवटला किंवा नांदेडला लेदर बॉलवर खेळायला उतरली, की सरळ आलेला साधा चेंडू त्रिफळा उडवून जातो. ही सवय मोडायला पावसाळ्यासारखा काळ नाही. लागणारं सामानही बहुतेक घरातच सापडतं: एक झिजलेला लेदर बॉल, जुना मोजा, नायलॉनची दोरी आणि एक भक्कम कडी.

माळवदाच्या घरात पाळणा बांधण्यासाठी तुळईला लोखंडी कडी असते, ती उत्तम. स्लॅबच्या घरात झोपाळ्याची कडी चालते. दोन्ही नसतील तर अंगणातल्या लिंबाची आडवी फांदी घ्यावी. चेंडू मोज्यात घालून वर घट्ट गाठ मारायची आणि दोरी मोज्याच्या तोंडाला नव्हे, गाठीच्या खाली आवळायची, म्हणजे निसटत नाही. सुतळी वापरू नये, कडीवर घासून ती लवकर तुटते. चेंडू घोटा आणि गुडघा यांच्या मधोमध लोंबकळला पाहिजे. समोर काच नको आणि रांगतं मूलही नको. कारण लेदर बॉलचं वजन जवळपास 160 ग्रॅम असतं.

आता दोरीचं गणित. टांगलेल्या चेंडूला जाऊन परत यायला किती वेळ लागेल हे प्रामुख्याने दोरीच्या लांबीवर ठरतं, फटका जरा हळू की जोरात याने फारसा फरक पडत नाही. 1 मीटर दोरीला साधारण 2 सेकंद लागतात आणि 4 मीटरला 4 सेकंद, म्हणजे दोरी चौपट केली तर वेळ फक्त दुप्पट होतो. घराच्या छताला सव्वादोन मीटर दोरी बसते, तिचे होतात 3 सेकंद. तेवढ्यात बॅट मागे नेऊन पुन्हा उभं राहायला सवड मिळते. त्याहून आखूड दोरीवर धांदल होते आणि शिकायचं तेच राहून जातं.

खरी गंमत जमिनीवर आहे. चेंडूच्या बरोबर खाली, गोलंदाज जिकडे असेल त्या दिशेने, खडूची एक सरळ रेघ ओढा. रेघेच्या बाजूला उभं राहून हलक्या हाताने ड्राइव्ह मारा आणि मग फटक्याकडे नाही, चेंडूकडे बघा. बॅट सरळ आली असेल तर चेंडू रेघेवरूनच जातो आणि रेघेवरूनच परत येतो. बॅट जरा जरी आडवी आली, तर चेंडूला बाजूचा धक्का बसतो आणि तो रेघ सोडून तिरका झुलतो किंवा अंड्याच्या आकाराचा फेरा घेत तुमच्या शेजारून निघून जातो. फेरा जितका फुगलेला, तितकी बॅट आडवी. गावात कोच नसला तरी चूक त्याच क्षणी डोळ्यांपुढे येते, म्हणून मला हा सराव इतका मोलाचा वाटतो.

सरळ बॅट का हवी, तेही इथेच कळतं. सरळ येणारी बॅट चेंडूच्या वाटेवर बराच वेळ राहते, त्यामुळे वेळ थोडी चुकली तरी चेंडू बॅटवर येतो. आडवी बॅट ती वाट एकाच ठिकाणी छेदते. तो क्षण हुकला की संपलं.

फेरा सुटत नसेल तर बहुतेक वेळा दोष खालच्या हाताचा असतो. उजव्या खेळाडूचा उजवा हात बॅट ओढून घेतो. तो हात पाठीमागे ठेवायचा आणि नुसत्या डाव्या हाताने, हँडल थोडं खाली धरून, चेंडू टोलवायचा. मनगट लवकर दुखतं, म्हणून थोडा वेळच. नंतर उजवा हात परत आणताना फक्त अंगठा आणि तर्जनीने धरायचं. डोकं चेंडूवर झुकलेलं आणि डावा कोपर वर आहे की नाही, हे मात्र चेंडूवरून समजत नाही. त्यासाठी लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभं राहून चेंडूशिवाय, अगदी सावकाश बॅट फिरवून बघावी.

घरात खेळून मोठं झालेल्यांची आपल्याकडे परंपराच आहे. सुनील गावसकरांना लहानपणी घरात त्यांची आई चेंडू टाकायची. सचिन तेंडुलकरने आत्मचरित्रात लिहिलंय, की शिवाजी पार्कजवळच्या घरात काकू त्याला गोल्फचे चेंडू टाकायच्या. ते त्याने एका बाजूने कापून लंबगोल केले होते, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू आत येई किंवा बाहेर जाई. घरातल्या वस्तू फुटू नयेत म्हणून हात मऊ ठेवावे लागत. डॉन ब्रॅडमन तर बाउरल गावातल्या घरी पाण्याच्या टाकीच्या विटांच्या ओट्यावर गोल्फचा चेंडू आपटून, उलट आल्यावर तो नुसत्या स्टंपने टोलवायचे. टांगलेला चेंडू मोज्यात घालून बॅटच्या कडेने मारण्याची सवयही तेंडुलकरचीच. बॅटची रुंदी 10.8 सेंटिमीटरपर्यंत असते आणि कड नियमाने 4 सेंटिमीटरच्या वर जात नाही. कडेने चेंडू लागू लागला, की डोकं स्थिर आहे असं खुशाल समजावं. रेघेवरून चेंडू येऊ लागल्याशिवाय मात्र याच्या वाटेला जाऊ नये.

टांगलेला चेंडू सगळं शिकवत नाही. 1 मीटर वर गेलेला चेंडू परत येताना तळाशी ताशी 16 किलोमीटरच्या आसपास असतो, तर चांगला वेगवान गोलंदाज 130 ने टाकतो. टप्पा नाही, फिरकी नाही. नजरेचा आणि पायांचा सराव इथे होत नाही. म्हणून उघडीप मिळाली की भावाला दहा-बारा पावलांवर उभं करावं, ओला टेनिस बॉल ओसरीच्या फरशीवर टप्पा पाडून टाकायला सांगावं आणि तोच सरळ ड्राइव्ह तिथे खेळून बघावा. बॅट पुन्हा आडवी होऊ लागली, तर दोन दिवस परत कडीकडे यावं. मोज्याचा तळ दर आठवड्याला तपासून विरला असेल तर लगेच बदलावा.